डाव्या कमरेचं म्यान

आता मेलेल्या माणसाशी कोण भांडतं, सांगा. पण ही बाई भांडायची, आणि तेही दिवसाढवळ्या, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी उभी राहून, हातात कातडं कापायची रापी घेऊन.

"अहो, बाजूला व्हा जरा. उजेड अडवताय," ती म्हणाली, आणि कातडं खिडकीकडे सरकवलं.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नवरा जाऊन वर्ष उलटलं होतं. जिवंतपणी हा माणूस दिवसभर झाडांवर; जेवायला हाका मारून मारून बोलवावा लागायचा. मेल्यावर मात्र घर सोडायचं नाव नाही! दारामागे उभा, नळापाशी उभा, काम करायला वाकलं की मानेमागे श्वास. हिच्या अंगावर काटा यायचा, आणि काटा आला की ती चिडायची. भीती वाटली की चिडायचं, हा तिचा स्वभावच होता.

तो झाडं छाटायचा. एकदा शिडीवरून पाय घसरला आणि खाली आला. हाड एकही मोडलं नाही. कमरेला चिंधीत गुंडाळून खोचलेला कोयता चिंधी फाडून मांडीत गेला, आणि रक्त थांबलं नाही, एवढंच.

गल्लीच्या तोंडाशी हिचं बॅगदुरुस्तीचं दुकान. कातडं, आरी, मेण लावलेला दोरा, सगळं हाताशी. "कोयत्याला म्यान करून देते," असं तिनं त्याला किती वेळा म्हटलं असेल! तो हसण्यावारी न्यायचा. "मी काय सरदार आहे, म्यानातून शस्त्र उपसायला? चारचौघांत हसं करशील माझं." आणि आता लेकीनंही झाडं छाटायचंच काम धरलं होतं. उद्या पहिला दिवस. तिला बापाचाच कोयता हवा होता, नवा नको. "पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून नेईन की," ती म्हणाली, तेव्हा आई कडाडली.

"नेशील तर म्यानातून नेशील. नाहीतर कोयता विहिरीत टाकून देईन, सांगून ठेवते!"

म्हणून आज दुकान बंद. गिऱ्हाईक दुरुस्तीला टाकून गेलं ते परत फिरकलंच नाही, अशी एक जाड कातड्याची बॅग होती. ती तिनं उसवली. कोयता पुठ्ठ्यावर ठेवून आकार काढला. कोयता वाकडा, तो सरळ खोबणीत जात नाही. म्हणून पाठीची बाजू अर्धी उघडी ठेवायची आणि तिथे बटणाचा पट्टा द्यायचा. धारेच्या बाजूला आतून कातड्याचीच एक पट्टी, म्हणजे धार घासली तरी पट्टीला लागेल, टाक्यांना नाही. मग कातडं कोमट पाण्यात भिजवलं, पात्याला गंज चढू नये म्हणून प्लास्टिक गुंडाळलं, आणि ओलं कातडं त्यावर अंगठ्यांनी दाबत दाबत बसवलं. कडेला कपड्यांचे चिमटे लावले.

पहिला चिमटा टपकन उडाला. तिनं परत लावला. दुसरा उडाला तो थेट भिंतीवर.

"करा, करा खोड्या!" तिचा आवाज चढला. "तेव्हा ऐकलं असतंत तर आज इथे जेवत बसला असतात. आता माझ्या पोरीच्या जिवावर उठू नका!"

त्यानंतर चिमटे हलले नाहीत. खोलीत ओल्या पाल्याचा आणि घामाचा वास दाटला. तो वास तिच्या ओळखीचा होता, आणि खोटं कशाला बोला, तिला तो हवाहवासाही वाटला.

दुपारपर्यंत कातडं वाळून टणक झालं. ती शिवायला बसली. एका दोऱ्याला दोन सुया, एक इकडून, एक तिकडून. हात असा चालायला लागला की तिचं तिलाच नवल वाटलं. एकही टाका वाकडा नाही. मानेमागचा श्वासही शांत होता, काम न्याहाळत असल्यासारखा. कमरेच्या पट्ट्यात ओवायची पकड तिनं न मापता, न बघता शिवून टाकली. कितीतरी दिवसांनी ती गुणगुणत होती.

लेक आली तेव्हा म्यान टेबलावर तयार होतं.

"आई गं, काय देखणं झालंय!" लेकीनं ते उजव्या कमरेला अडकवलं. कोयत्याची चोच मागे वळली. उपसून बघितला, तर मनगट उलटं करावं लागलं आणि पातं पोटाजवळून गेलं. तिनं पुन्हा करून बघितलं. मग म्यान काढलं आणि डाव्या कमरेला लावलं. तिथे ते असं चपखल बसलं की कोयता डाव्या हाताच्या नुसत्या बोटांनी उचलावा.

"आई, हे डावखुऱ्याचं आहे," लेक हळूच म्हणाली. "हे तू बाबांसाठी शिवलंयस."

आईनं पुढे होऊन पकड चाचपून बघितली. सकाळीच तर तिनं लेकीच्या कमरेला दोरी लावून बघितली होती, उजव्या बाजूला! कुणी चालवला मग हात? त्यानं? तसं असतं तर बरं झालं असतं, त्याच्यावर ओरडता तरी आलं असतं. पण तिला आतून कळून चुकलं होतं. तिचे हात एकच कंबर ओळखत होते, आणि लेक उद्या झाडावर चढणार असताना तिनं मेलेल्या माणसाचं म्यान शिवून ठेवलं होतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"राहू दे गं, मी सवय करून घेईन," लेक म्हणाली.

"सवय? वर फांदीवर बसून सवय करणार? आण इकडे."

तिनं पकडीचे टाके कापायला घेतले, आणि मनगटावर काहीतरी गार टेकलं. दाबत नव्हतं, ओढत नव्हतं. नुसतं टेकलेलं. विनवणी करावी तसं. तिचे डोळे भरून आले.

"हे तुमच्यासाठी नाही हो," ती म्हणाली. "तुम्हाला नाही लागत आता."

इतक्या दिवसांत हे ती पहिल्यांदाच बोलत होती. लेक दाराशी उभी राहून ऐकत होती. टाके कापले, पकड पलीकडच्या बाजूला शिवली, या वेळी प्रत्येक टाका मोजून मापून. आधीची भोकं तशीच राहिली. कातड्याला एकदा भोक पडलं की ते बुजत नाही. लेकीनं उजव्या कमरेला लावून कोयता उपसला, परत ठेवला, बटण दाबलं. खट्.

सकाळी लेक निघाली. आईनं तिच्या पट्ट्याला दोनदा हिसका देऊन बघितला. मग ती वळली आणि रिकाम्या खोलीकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "आणि तुम्ही हो? घरात माझं तोंड बघत काय बसलात? जा तिच्याबरोबर. ती वर चढली की खाली उभे राहा आणि शिडी धरा. तुमची धरायला कुणी नव्हतं, म्हणून सांगतेय."

तिला वाटलं, लेक आता हसेल, नाहीतर डोक्याला हात लावेल. लेक हसली नाही. तिनं दार पूर्ण उघडलं आणि स्वतः अंग चोरून बाजूला झाली, मोठ्या माणसाला आधी जाऊ द्यावं तशी. क्षणभर थांबली. मग म्हणाली, "चला बाबा," आणि दार ओढून घेतलं.

आईनं कान टवकारले. खोलीत नुसती खोली होती. एवढी रिकामी तिला ती कधीच वाटली नव्हती, तो गेला त्या दिवशीसुद्धा नाही. ती टेबलाला धरून उभी राहिली आणि मग मोकळ्या गळ्यानं रडली.