राबाचा वास

सुंदराने पातेऱ्याची, सुक्या पाल्याची पाटी खाचरात उपडी केली आणि ती तशीच थांबली.

"अवो, वास येतोय का?"

खाचराच्या दुसऱ्या टोकाला महिपत शेणाचा थर पसरत होता. त्याने मान वर केली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं.

"येतोय. खालच्या आळीत राब पेटलाय."

सुंदराने पाटी उचलली आणि ती पुन्हा कामाला लागली.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून नवराबायकोचं हे असंच चाललं होतं. फेफऱ्याचा झटका यायच्या आधी सुंदराला राब भाजल्याचा वास यायचा. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजताना येतो तसा: जळता पाला, शेण, तापलेली माती. भर श्रावणात, शिवारात सुकी काडी मिळत नाही तेव्हाही यायचा. तो वास खरा की डोक्यातला, हे तिला कळत नसे. मग ती नवऱ्याला विचारायची. तो "नाय येत" म्हणाला, की हातातलं टाकून असेल तिथे खाली बसायची. तोवर महिपत धावत येऊन तिचं डोकं मांडीवर घ्यायचा. टोकावडे गावाच्या आजूबाजूला चैत्र-वैशाखात रोज कुठे ना कुठे राब पेटलेला. त्या दिवसांत ती दहा-दहा वेळा विचारी. सोळा वर्षांत त्याचं उत्तर एकदाही चुकलं नव्हतं.

शेजारची काशीवहिनी बांधावरून चालली होती. महिपत नेहमीसारखा उलटा चालत, बायकोकडे तोंड करून शेण पसरत होता.

"काय भावजी, पाठ फिरवली तर बायको पळून जाईल काय?"

"गेली तर भाकऱ्या तुमी घालाल ना?"

काशी हसत पुढे गेली. महिपत पूर्वी माळशेज रस्त्यावरच्या धाब्यावर कामाला होता. मालकाशी पटत नाही म्हणून ते सोडून तो शेतीत आला, तेव्हापासून आळीत ही थट्टा चालायची.

आज शनिवार होता. मुंबईच्या इस्पितळात फोन करून हो की नाही ते आज कळवायचं होतं. तिथे डोक्याला वायरी लावून पाच दिवस ठेवल्यावर डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. तीन-तीन गोळ्या घेऊनही महिन्याला चार-पाच झटके येतातच. पण ते सगळे मेंदूच्या एकाच जागेतून निघतात, डाव्या कानाच्या आतल्या बाजूला. तेवढा भाग काढता येईल. दहातल्या सहा-सात जणांचे झटके थांबतात. जिवाला धोका थोडा, पण आहे. आणि जागा डावीकडची, म्हणून नंतर शब्द, माणसांची नावं आठवायला वेळ लागू शकतो.

सुंदरा अडली होती ती त्या शेवटच्या वाक्यावर. आपण शुद्धीवर आलो, समोर लेक उभी आहे आणि तिचं नावच सापडत नाही, हे तिला पुन्हा पुन्हा दिसायचं. त्यापेक्षा आहे ते चाललंय. कोपरावर चुलीचा डाग आहे, विहिरीवर एकटीने जायचं नाही, ठीक आहे. आपलं नाक फसवतं, पण नवऱ्याचं शाबूत आहे. महिपतला विचारलं तर तो एवढंच म्हणे, "तुजं डोकं, तू ठरव."

दुपारी ती मागल्या अंगणात भांडी घासत होती. महिपत दारात कोयत्याला मूठ बसवत होता. एकाएकी तिला जळका वास आला. हा तो नव्हता. हे दूध होतं. ती घाईने उठली, तसा महिपतही हातातला कोयता टाकून उठला आणि तिला धरायला पुढे आला.

"दूध करपलं," ती म्हणाली.

"आं?"

ती त्याला ओलांडून आत गेली. त्याच्या पाठीमागे दोन हातांवर गॅस होता आणि पातेलं तळापासून काळं पडलं होतं. वास घरभर कोंडला होता. तिने गॅस बंद केला.

"तुमाला वास नाय आला?"

महिपतने पातेल्याकडे बघत नकाराची मान हलवली.

"कधीपासनं?" तिने विचारलं.

"करोनाचा ताप आलेला ना, तवापासनं. चव आली परत. वास नाय आला."

सुंदरा ओट्याला टेकली. एवढी वर्षं.

"मग मला सांगता ते?"

"तुज्याकडं बघून." तो चोरी सापडल्यासारखा हसला. "खरा वास असला की तू नाक मुरडतेस, पदर तोंडाला लावतेस. तो असला की पदराचं टोक चिमटीत धरून चोळत ऱ्हातेस. पापणी हालत नाय. आन राबाच्या दिवसांत नाकाला काय कळलं असतं गो? वास तर सगळीकडंच."

धाबा त्याने त्याच साली सोडला होता. सुंदराने एकदा दाराकडे पाहिलं. तो बसला होता तिथून अंगणातला भांडी घासायचा दगड समोर दिसत होता.

"ऑपरेशन कर, असं एकदा तरी बोलायचं."

"मी बोललो असतो, तर तू माज्यासाठी गेली असतीस."

तिने करपलेल्या पातेल्यात पाणी ओतलं. हात पुसले. फळीवरच्या डब्यातून डॉक्टरीणबाईंचं कार्ड काढलं आणि लेकीला हाक मारली.

"नेहा."

नेहा वही हातात घेऊनच आली. ती समोर उभी असताना सुंदराने पुन्हा एकदा म्हटलं, "नेहा."

"आले ना आई. काय?"

"काय नाय. हा नंबर लाव."

नेहाने नंबर लावून मोबाइल तिच्या हातात दिला. सुंदराने तो कानाला लावला. महिपतची नजर तिच्या दुसऱ्या हातावर गेली आणि तो एकदम पुढे सरकला. पदराचं टोक तिच्या चिमटीत आलं होतं.

"तसलं नाय वो," ती म्हणाली. "साधी भीती हाय. तुमी जरा तिकडं बघा."

"तिकडं कुठं?"

"खाचराकडं."

तो दाराकडे तोंड करून उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. पलीकडे रिंग वाजत होती. त्याच्या सदऱ्याची पाठ खांद्याजवळ चांगली वीतभर उसवली होती. कधीपासून, कोण जाणे. तिला ती आज दिसली.