कामधेनूचा उपास

किन्हवलीच्या चौकात त्या श्रावणातल्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. सगळ्यांच्या नजरा एका गाईच्या कासेवर. कास कसली, घागरच! शेजारी पाटावर भस्म फासलेले कामधेनू महाराज.

"हात लावू नका! आज हिचा उपवास. धार काढाल तर कुळ बुडेल!"

गाईचा उपास! आणि ती बया खुशाल पेंढा चघळत होती. मी दूध डेअरीत फॅट बघतो, पण उपास करणारी गाय पहिल्यांदाच पाहिली.

महाराजांची नजर चौकातच खुंटाला बांधलेल्या सकुबाईच्या गाईकडे गेली. तिच्या पाठीवर केसांचा भोवरा. "अरेरे, हा तर नागीण भोवरा! घरात कुणी पोटुशी आहे?"

 सकुबाईची सून सरिता सात महिन्यांची पोटुशी, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"ही मला दे, माझी ही कामधेनू घेऊन जा. नाहीतर बाळ वाचायचं नाही!"

आमच्याकडे गाय घेताना आधी भोवरा बघतात, कास मागाहून. बाबानं नेमकं तेच हेरलेलं. सकुबाई रडत दावं सोडायला लागली. "माझे बाय गो, तुला कशी देऊ?" माझं डोकंच फिरलं. जनावरांच्या डॉक्टर माधुरीताई त्या दिवशी गावात लस टोचायला आल्या होत्या. त्यांना फोन लावला.

ताई आल्या आणि गाईमागं उकिडव्या बसल्या. "पाय फाकवून का उभी आहे ही? दुखतंय तिला."

"शाप लागेल!" महाराज ओरडले.

"लागू दे." ताईंनी कोमट पाण्याच्या फडक्यानं सड पुसले, तसा टोकांवरचा पारदर्शक पापुद्रा सुटून हातात आला. "गोंद! सडांची तोंडं बुजवलीत. कालपासून धार काढली नाही, म्हणून ही घागर."

धार काढली. एका सडातून गुठळ्या आल्या, आणि रिकामी झाली तरी कास गुडघ्याखाली लोंबतच राहिली, एका अंगाला टणक. "दगडी झालीय हिला, कास सुजून कडक होण्याचा रोग. आता सकुबाईची बघा. मागचे पाय सरळ, पुठ्ठा रुंद, कास पोटाला घट्ट धरलेली, चारी सड सारखे. पिळली की मऊ पडते. गाय अशी पारखायची."

"पन ताई, भोवरा?" गर्दीतल्या धाऊनं विचारलं.

मी टोपी काढली. "धाऊ, माझ्या डोक्यावर दोन भोवरे! सगळे म्हणायचे, दोन बायका करणार. अरे, एक मिळवताना चपला झिजल्या!"

चौक खदखदून हसला. त्या गडबडीत महाराज सटकत होते, पण पोरांनी त्यांचा टेम्पो अडवून ठेवला होता. पोलीस येईपर्यंत ताईंनी त्या बिचाऱ्या गाईला औषध टोचलं.

बाबांनो, केस कुठंही वळू देत, दूध कासेतून येतं. कुणी गाईचा उपास सांगितला, तर आधी धार काढून बघा.

दिवाळीत सरिताला मुलगी झाली. मी पेढे खायला गेलो, तर सकुबाईनं बाळाचं टाळकं माझ्याकडं वळवलं. इवलासा भोवरा!

"बघ रे," ती म्हणाली, "आता हिला पन बाबाला देऊ काय?"