भोपळ्याचा चहा

पिंपावरचं ओलं फडकं बाजूला केलं आणि कुमुदने झटकन मान मागे घेतली. वास आला होता. तुंबलेल्या मोरीचा वास.

“भाभी, ये तो सड गया,” कुंपणापलीकडून अजीज म्हणाला. खजुराच्या बागेचा हा राखणदार साठीचा, दाढीला मेंदी लावणारा. आयुष्यभर तंबाखू ओढून नाक मेलेलं, तरी त्यालासुद्धा एवढ्या लांबून कळलं. “फेंक दो. खलास.”

“धीरे बोलो, अजीजभाई. वो देख रहे हैं.”

खिडकीत राजाभाऊ बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला, तोंडाची एक बाजू ओघळलेली, आणि डोळे मात्र पिंपावर. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळचे आठ. ही वेळ चुकली की ते डाव्या मुठीने खुर्चीचा दांडा बडवत राहायचे.

आखातातल्या अल ऐनच्या बाहेर, या बागेच्या कडेच्या दोन खोल्यांत कुमुदचा एकवीस वर्षं संसार झाला. राजाभाऊ बागेचे पंप-मेकॅनिक. सोळा मोटारी, सगळ्यांचे आवाज ओळखीचे, जेवता जेवता कान टवकारायचे आणि म्हणायचे, “सात नंबरची खोकतेय गं.” पण माणसाचा जीव होता कीर्तनात. लहानपणी गावच्या सप्ताहात ऐकलेलं सगळं त्यांच्या गळ्यात उतरलं होतं. दर रामनवमीला, शाळेत गणित शिकवणाऱ्या चंद्रहास सरांच्या हॉलमध्ये, साठ-सत्तर माणसांपुढे राजाभाऊ उभे राहायचे. ग्रीस धुतलेल्या हातांनी उपरणं सावरायचे. बारा वाजता पाळणा हलला की गजर असा उठायचा, की बायकांच्या डोळ्यांना पदर लागायचे आणि जीन्स घातलेली पोरंसुद्धा “वन्स मोअर, अंकल!” म्हणायची.

गेल्या वर्षी सरांच्या भावाने कॅनडाहून राक्षसी भोपळ्याच्या तीन बिया पाठवल्या. राजाभाऊंनी नवमीच्या पंगतीतच सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “पुढच्या नवमीला एका वेलाच्या एका फळावर सगळी पंगत उठवतो. रामाचं जेवण माझ्या अंगणातनं.”

दोन बिया गेल्या. तिसरी ऑक्टोबरात उगवली. तेव्हापासून वेलाला हा खताचा चहा. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून त्यातलं औषध उडवायचं. खजुराच्या पाचोळ्याचं आणि शेळ्यांच्या लेंड्यांचं जुनं, काळं खत धोतराच्या फडक्यात बांधून त्यात सोडायचं. वर गुळाचा खडा. आणि माशांच्या टाकीला लावतात तो छोटा पंप जोडून तीस तास सतत बुडबुडे. खतातले जीव हवेवर वाढतात. हवा तुटली की तेच पाणी नासतं आणि मुळं कुजवतं. एकदा चंद्रहास सर आले असताना राजाभाऊंनी आतून हाक दिली, “कुमुद, चहा झाला का बघ!” आणि ती डाव घेऊन पिंपाकडे गेली. सर घाबरून म्हणाले, “वहिनी, आम्हाला साधा दिलात तरी चालेल हो!”

ओतण्याआधी राजाभाऊ डावभर पाणी नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे. मातीचा वास आला तर ओतायचं. आंबट आला तर नाही.

“पंप बंद नाही करायचा,” ते तिला सांगायचे. “सप्ताहात वीणा असते ना, तसं. पहारा बदलला तरी ती या गळ्यातनं त्या गळ्यात जाते, पण जमिनीला टेकत नाही.”

जानेवारीत त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. देवाने घ्यायचं तर नेमकं तेच घेतलं. कंपनीने हिशेब करून अठ्ठावीस मार्चची परतीची तिकिटं दिली. रामनवमी पंचवीसला. मध्ये तीन दिवस. गळा गेला होता, पण बोललेला शब्द अजून वेलावर होता. दिवसाला मुठीएवढा वाढत होता. चंद्रहास सर टेप लावून अंदाज काढायचे. पन्नास किलो. अठ्ठावन्न. आकडा ऐकला की राजाभाऊंचे डोळे जरा हलायचे. डॉक्टर म्हणाले होते, त्यांचं मन कशात तरी गुंतवा. गुंतलेलं होतंच. कुमुदला फक्त ते सुटू द्यायचं नव्हतं.

आणि काल तिनेच घात केला.

काल दुपारी भजनी मंडळ भेटायला आलं होतं. टाळ घेऊनच आले. पहिल्याच अभंगाला राजाभाऊंनी मान उचलली, तोंड उघडलं आणि घशातून नुसतं “अं... अं...” आलं. टाळ थांबले. कुणी कुणाकडे बघेना. त्या शांततेत अंगणातल्या पंपाची एकसुरी घरघर तेवढी खोलीत भरून राहिली, जणू त्यांचीच चेष्टा करत. कुमुद उठली, बाहेर गेली आणि पिन ओढली. मग पाहुण्यांचा चहा, मग औषधं, मग अंग पुसणं. सकाळी फडकं उचलेपर्यंत पंपाची आठवणच झाली नाही.

खिडकीत मूठ दांड्यावर पडायला लागली. ठक. ठक.

फेकून दिलं तर का फेकलं ते सांगावं लागेल. नाही ओतलं तर ते बडवत राहतील. एका दिवसाने काय होणार, माती सगळं पोटात घेते, असं मनाशी म्हणत कुमुदने बादली भरली आणि बुंध्याशी ओतली. दुसरी ओतली. तिसरी उचलताना राजाभाऊंनी डावा हात वर केला. पंजा उघडा, जोरजोराने हलणारा. तिला वाटलं, शाबासकी देताहेत. ती हसली आणि तिसरीही ओतली.

पाचव्या दिवशी पानं पिवळी पडली. आठव्या दिवशी दुपारच्या उन्हात वेल जो माना टाकून पडला, तो संध्याकाळी उठलाच नाही. अजीजने देठाशी अंगठा दाबला. तो आत गेला.

“भाभी, अभी काट लो. आधा तो बचेगा.”

चंद्रहास सर धावत आले. सगळं बघितलं आणि तिला बाजूला घेऊन म्हणाले, “वहिनी, टेन्शन घेऊ नका. मार्केटमधून चार भोपळे उचलतो. भाजीत कोणाला कळतंय?”

“यांना कळेल.”

“अहो, ते काय बोलणार आहेत...” सर म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

आणि तेव्हा कुमुदला तो हात आठवला. वर केलेला, उघडा, हलणारा. त्या सकाळी खिडकी उघडी होती. वारा तिकडेच होता. राजाभाऊंचा गळा गेला होता, नाक नव्हतं गेलं. तो माणूस ‘थांब’ म्हणत होता आणि ती हसून ओतत होती.

ती आत गेली. त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली.

“अहो, पंप मीच बंद केला होता. मंडळ आलं त्या दिवशी. मला तो आवाज सोसेना हो. वास आला, तरी मी ओतलं.”

राजाभाऊंनी खिडकीबाहेर वेलाकडे बघितलं. मग त्यांचा डावा हात चाचपडत खाली आला. त्यांनी तिचा तळवा उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटले आणि सावकाश एक श्वास घेतला; डाव हुंगायचे तसा. तळवा त्यांनी खाली सोडला नाही. तसाच मांडीवर ठेवून घेतला.

नवमीला सडलेला भाग काढून उरलेल्या भोपळ्याची भाजी झाली. प्रत्येकाच्या पानात चार फोडी, उपासवाल्यांनाही. कुणी परत मागितली नाही. कीर्तन कॅसेटवरचं लावलं. बारा वाजता पाळणा हलला तेव्हा राजाभाऊ भिंतीशी खुर्चीत होते. ओठ हलत होते. गजरात त्यांचं “अं” मिसळून गेलं. कुमुदशिवाय ते कुणाला ऐकू गेलं असेल, असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मूठ पुन्हा दांड्यावर पडू लागली. अंगणात आता वाळलेला वेल आणि रिकामं पिंप.

“काय हवंय? अहो, आता कशाला?”

ठक. ठक. बोट पिंपाकडे.

कुमुदने पिंप धुतलं. आत आणून खुर्चीजवळ ठेवलं, नुसतं पाणी भरलं. खत नाही, गूळ नाही. पंपाची पिन लावली. बुडबुडे वर येऊ लागले तशी राजाभाऊंनी मान मागे टेकली आणि ते झोपले. झटका आल्यापासून दिवसाउजेडी इतके शांत ते कधी झोपले नव्हते. निघेपर्यंत तिने पंप थांबवला नाही. बॅगा त्या घरघरीतच भरल्या.

अठ्ठावीसला सकाळी चंद्रहास सर गाडी घेऊन आले. अजीजने राजाभाऊंना लहान मुलासारखं उचलून सीटवर बसवलं. घर मोकळं झालं होतं. दोन खाटा, एक खिळा, पाण्याचं पिंप, त्यात अजून बुडबुडे.

किल्ली घ्यायला अजीज दारात आला. आत डोकावला. “भाभी, ये बंद कर दूँ?”

कुमुदने पिनकडे बघितलं, बाहेर गाडीकडे बघितलं. डोक्यावरून पदर घेतला.

“अजीजभाई, दो मिनट इसके पास बैठोगे? गाडी मोड के उस पार निकल जाए, फिर जो करना है करो.”

 अजीजने चपला दाराबाहेर काढल्या, तो आत गेला आणि पिंपाशेजारी मांडी घालून बसला.

“यल्ला भाभी, आप जाओ,” तो म्हणाला. “मैं बैठा हूँ.”