अर्धी डिस्क, अपुरी बाटली

माझ्या टपरीसमोर एक बाक आहे. तो मी ठेवलेला नाही, गिऱ्हाइकांनीच आणून ठेवला. आमच्या कुमासी शहरात दुरुस्तीला दिलेल्या वस्तूवरून कुणी नजर हलवत नाही. लॅपटॉप उघडला की मालक बाकावर बसतो आणि माझ्या बोटांकडे बघत राहतो, खाटकाला बकरं देऊन त्याचे काळीज-गुर्दे मोजत बसल्यासारखा. कुणी स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन आणतो, कुणी आतल्या भागांचे फोटो काढून आणतो. चौदा वर्षं हा धंदा करतेय. कुणाचा एक स्क्रू घेतला नाही. तरी बाक कधी रिकामा राहिला नाही. बाकीच्या दुरुस्तीवाल्यांवर लोक एक डोळा ठेवतात. मी बाई आहे, माझ्यावर दोन्ही.

मंगळवारी सकाळी अफ्राकोमा मावशी आली. तिसऱ्या ओळीत ती गारी विकते, म्हणजे कसाव्याचा भाजलेला रवा. तिचा ओलोंका सगळ्या बाजाराला माहीत आहे. ओलोंका हा आमचा मापाचा डबा. बाहेरून धड दिसतो, पण मावशीच्या डब्याचा तळ हातोडीने ठोकून आत उचललेला आहे. प्रत्येक मापात दोन मुठी वाचतात. तिच्यासारखे बाजारात निम्मे डबे असतील, पण इतक्या निगुतीने ठोकलेला दुसरा नाही.

तिने पदरातली गाठ सोडावी तशी कमरेच्या कापडाची गाठ सोडली आणि एक हार्ड डिस्क माझ्यापुढे धरली. हातात दिली नाही.

"आधी हे बघ. तीन ठिपके. लाल. जाताना तीनच पाहिजेत."

"ठिपके कोण चोरणार, मावशी?"

"ठिपक्यांखालची वस्तू चोरतात."

मग तिने सांगितलं. डिस्कवर छापलंय एक टीबी, म्हणजे हजार जीबी. लावली की दिसते निम्म्याहून कमी. चारशे पासष्ट. "अर्धी कुणीतरी कापून घेतलीय. भावाला विकणारा म्हणतो, मी पूर्ण दिली. त्याच्याशी भांडून आलेय. पण मला माहितीय कुणी कापली. आठ दिवस मामाकडे होती."

"डिस्क म्हणजे काय मक्याच्या केंकेचा गोळा आहे, मधून कापायला?"

"तुला वाटतं मी वेडी आहे. मामाला ओळखत नाहीस तू."

ओळखत होते. नाना अमोआतेंग, तिचे मामा आणि कुळाचे प्रमुख. बाजारातून जातात तेव्हा चपला घासत जातात, म्हणजे लोकांनी आधीच उठून उभं राहावं. मी उठत नाही. कामात असते.

प्रकरण असं होतं. मावशीच्या आईने, म्हाताऱ्या कोनादूने, आयुष्यभर यामचे कंद विकून नऊ खोल्यांचं घर बांधलं. वडिलोपार्जित नव्हे, स्वतःच्या डोक्यावरच्या टोपलीतून बांधलेलं. मरण्याआधी तिने माणसं बोलावली आणि त्यांच्यासमोर घर अफ्राकोमाला दिलं. आमच्यात हे चालतं. फक्त एक अट आहे. ज्याला मिळालं त्याने तिथल्या तिथे आभाराची बाटली पुढे करायची आणि साक्षीदारांनी ती प्यायची. बाटली झाली, दान पक्कं. बाटली नाही, तर ती मरणाऱ्या बाईची बडबड, आणि घर कुळाचं.

आणि नाना म्हणत होते, बाटली झालीच नाही.

"साक्षीदार कोण कोण होते?" मी विचारलं.

"मामा. शेजारची म्हातारी, तिला आता स्वतःचं नाव आठवत नाही. चर्चचा एक वडीलधारा, तो मामाच्या हातचं खातो. आणि ड्वोमो."

ड्वोमो तिचा भाऊ. अंत्यविधींचं चित्रण करायचा, दर शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या दुःखात कॅमेरा घेऊन उभा. आईच्या खोलीतही त्याने कॅमेरा लावला होता. चार महिन्यांनी तोच गेला, रस्त्यावर, ट्रकखाली. ही डिस्क त्याची.

"रविवारी बैठक आहे," मावशी म्हणाली. "चित्रण दाखवलं नाही तर किल्ल्या कायमच्या मामाकडे. माझी खोलीसुद्धा. बावन्न वर्षांची झाले मी, बिरागो. त्या घराच्या विटा डोक्यावर वाहिल्यात."

मी डिस्क लावली. ती बाकावरून उठून माझ्या खांद्यामागे आली. तिच्या श्वासाला भाजक्या गारीचा वास होता.

दिसणारा भाग काठोकाठ भरला होता. ड्वोमोने सगळं व्यवस्थित नाव देऊन ठेवलेलं. 'आई' नावाच्या फोल्डरमध्ये एकच चित्रण होतं. लावलं. म्हातारी उशीला टेकून बसलेली, आवाज खणखणीत. "हे घर मी बांधलं. हे माझ्या अफ्राकोमाला. ऐकलंत सगळ्यांनी?" सगळे हुं म्हणाले. नानाही म्हणाले. अफ्राकोमा उठली, म्हणाली, "मी आणते." आणि चित्रण संपलं.

"हेच," मावशी म्हणाली. "मामा म्हणतो, बोलणं मी नाकारत नाही. ही उठली, एवढंच दिसतं. कुठे गेली देव जाणे. बाटली दाखवा."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मलाही तिचाच संशय आला. जी बाई गिऱ्हाइकाच्या दोन मुठी मारते, ती बाटली मारणार नाही कशावरून? बाटली आणायची राहिली असेल, आणि आता डिस्कच्या हरवलेल्या अर्ध्यावर ढकलायचं. मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं.

"काल मामाची बायको तुझ्याकडे आली होती," ती म्हणाली.

"चार्जर घ्यायला."

"चार्जर चौथ्या ओळीतही मिळतात."

"मग तिला विचार चौथ्या ओळीत का गेली नाही. मावशी, काम करू देणार आहेस का? नाहीतर उचल तुझे तीन ठिपके आणि चालती हो."

ती बाकावर बसली. बसली म्हणजे टेकली, कधीही उडी मारता येईल अशी.

डिस्कचे भाग कसे पाडलेत ते दाखवणारी जागा लॅपटॉपमध्ये असते. लोक तिथे जात नाहीत, घाबरतात. मी ती उघडली. दोन चौकोन दिसले, शेजारी शेजारी, जवळजवळ सारखेच: चारशे पासष्ट आणि चारशे सहासष्ट. पहिल्याला अक्षर होतं. दुसरा धडधाकट, भरलेला, पण त्याला अक्षरच नाही. यंत्र प्रत्येक भागाला एक अक्षर देतं, तेच त्याचं नाव. नाव नसलं की तो भाग यादीत दिसत नाही, मोजला जात नाही.

"मावशी, कुणी कापली नाही. अर्धी इथेच आहे. नाव काढून घेतलंय फक्त."

"म्हणजे?"

"बाळ आठ दिवसांचं होईपर्यंत त्याला आपण नाव देतो का? घरात असतं, रडतं, दूध पितं. पण किती मुलं विचारलं तर त्याला धरत नाही."

तिला ते लगेच कळलं. मग चेहरा बदलला. "नाव कुणी काढलं? मामाने?"

"तुझ्या मामाला मोबाइलवरचा आवाज कमी करता येत नाही. हे ड्वोमोचं काम. डिस्क दहा ठिकाणी लावायला लागायची त्याला. कुणी त्याची मूळ चित्रणं उचलू नयेत म्हणून निम्मा भाग झाकून ठेवायचा. पहिला भाग भरला, तशी आईच्या चित्रणाची पुढची फाईल दुसऱ्यात गेली असणार."

"माझ्यापासूनही लपवलं?"

"सगळ्यांपासून. तुमच्या घराण्यात विश्वासू माणूस निपजतच नाही का?"

मी उजवी कळ दाबली, अक्षर निवडलं, हो म्हटलं. दुसरा भाग उघडला. एकूण पाच मिनिटं लागली असतील.

मावशी उभी राहिली. "एवढ्यात झालं?"

"झालं."

"पाच मिनिटांत? मग विकणाऱ्याला ती का दिसली नाही? तूच लपवलं होतंस म्हणजे."

मला हसावं की स्क्रूड्रायव्हर फेकून मारावा कळेना. काम लांबवलं तर चोर, लवकर केलं तर जादूगार चोर. ती स्क्रीनकडे वाकली, बोटावर काहीतरी मोजू लागली. गारी विकणाऱ्या बाईला हिशोब शिकवावा लागत नाही.

"दोन्ही मिळून नऊशे एकतीस," ती म्हणाली. "वर छापलंय हजार. एकोणसत्तर कुठे गेले?"

"विकणारा हजाराने मोजतो. यंत्र एक हजार चोवीसने मोजतं. वस्तू तेवढीच आहे. माप मोठं असलं की आकडा लहान येतो."

"म्हणजे विकणाऱ्याचा डबा छोटा."

"तसं समज."

"ठोकलेला."

"तू म्हणतेस तर ठोकलेला."

"आणि सगळ्यांना हे माहीत असून कुणी बोलत नाही?"

"तुझ्या डब्याबद्दल कोण बोलतं, मावशी?"

तिचे डोळे माझ्या टेबलाच्या खणावर फिरले, एकोणसत्तर तिथे पडलेत की काय म्हणून.

मी दुसऱ्या भागातलं 'आई' उघडलं. पुढचं चित्रण होतं तिथे. अफ्राकोमा जिनची हिरवी बाटली घेऊन खोलीत येते, दोन्ही हातांनी नानांसमोर धरते, गुडघे वाकवते. माझा संशय खोटा ठरला आणि मला बरंही वाटलं. नाना बाटली घेतात. खिडकीकडे उजेडात धरतात. वळवून बघतात. म्हणतात, "अफ्राकोमा, ही भरलेली नाही." उशीवरून म्हातारी खोकते, की हसते, कळत नाही. आणि चित्रण संपतं. बॅटरी गेली असावी.

मावशीने तोंडावर हात ठेवला होता. आनंदाने नव्हे.

"किती कमी होती?" मी विचारलं.

"आदल्या ईस्टरची उरलेली होती. आई एकदम बोलावेल असं कुणाला माहीत होतं? दुकान बंद होतं." बोटांनी उंची दाखवत म्हणाली, "दोन पेले कमी असेल. तीन."

"मरणाऱ्या आईने नऊ खोल्या दिल्या आणि तू उरलेली बाटली दिलीस."

"दिली ना. नाही दिली असं नाही." मग तिने माझा दंड पकडला. "ते वाक्य काढ. बाटली हातात घेतली, तिथे थांबव. सगळं कुळ बसणार आहे. बायका जन्मभर हसतील मला. मुलींची लग्नं व्हायचीत माझ्या."

"नाही."

"एवढंसं वाक्य."

"एक वाक्य कापलं तर नाना म्हणतील, सगळंच शिवलंय. आणि ते खरं असेल. मी चौदा वर्षं या बाकासमोर स्वच्छ बसलेय ते तुझ्या तीन पेल्यांसाठी घाण व्हायला नाही. हसू दे त्यांना. हसण्याने खोली जात नाही."

ती बरंच काही बोलली. माझ्या आईपर्यंत पोचली. मग डिस्क कमरेला बांधली, ठिपके मोजले आणि गेली. वाटेत वळून म्हणाली, "रविवारी तूच येऊन लावायचं. दुसऱ्या कुणाच्या हातात मी देणार नाही."

रविवारी चर्च सुटल्यावर घराच्या चौकात पंधरा-वीस माणसं जमली. मी लॅपटॉप प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवला. नाना मध्यभागी, खांद्यावर काळं वस्त्र. त्यांनी आधीच सुरुवात केली. "यंत्राचं काय सांगावं. ही मुलगी यंत्र उघडते आणि बंद करते. मधल्या वेळात काय शिवते, आपल्याला काय कळणार? गेलेल्या माणसालाही आजकाल बोलतं करतात."

"बघून तर घ्या, नाना," मी म्हटलं. "शिवलेलं असेल तर टाका दिसेल."

पहिलं चित्रण चाललं. म्हातारी बोलली. काही बायका रडल्या. मावशी उठली, "मी आणते" म्हणाली. नानांनी हात पसरले, झालं म्हणून. मग मी दुसरं लावलं. बाटली आली, हातात गेली, उजेडात गेली. "अफ्राकोमा, ही भरलेली नाही."

चौकात हशा पिकला. मोठा. मावशी मान खाली घालून उभी, कान तापलेले दिसत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "ओलोंक्यातून ओतली होती का गं?" पुन्हा हशा.

हशा ओसरेपर्यंत नानांनी वाट पाहिली. मग शांतपणे म्हणाले, "बाटली माझ्या हातात दिसते. मी ती घेतली, हे कुठे दिसतं? परतही दिली असेल."

हशा थांबला. हे मी विचारातच घेतलं नव्हतं. चित्रण उजेडातल्या बाटलीवर संपत होतं आणि पुढचं कुठल्याच भागात नव्हतं. चर्चचा वडीलधारा मान डोलावू लागला. एक म्हातारा म्हणाला, "बरोबर आहे. अपुरी बाटली कोण घेईल? परतच केली असणार."

मावशीने मान वर केली. "तीन पेले कमी होती, मामा. मी कबूल करते. पण बाकीची भरलेली होती. चारही साक्षीदारांना पुरली."

"पुरली?" नानांचा आवाज एकदम चढला. कुणी त्यांच्या वर्मावर बोट ठेवलं होतं. "पुरली म्हणते. मी ओतत होतो, मला माहीत आहे. तिघांना झाली. मी मोठा, मी शेवटी घेतली, तर माझ्या पेल्यात तळ ओला झाला नुसता. कुळाच्या प्रमुखाला. तळ ओला. आणि ही म्हणते पुरली."

कुणी हसलं नाही. एक माशी लॅपटॉपवर बसली, मी हाकलली नाही. नाना अजून रागात होते, त्यामुळे त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ते खांद्यावरचं वस्त्र नीट करू लागले, आणि बराच वेळ नीट करत राहिले.

तो म्हातारा म्हणाला, "म्हणजे प्यायलात."

नानांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवला. तिच्या हातात नाही, खुर्चीवर. मावशीने उचलून एकेक किल्ली मोजली. नऊ.

सोमवारी ती टपरीवर आली, डोक्यावर गारीची परात, हातात ओलोंका. माझ्या मजुरीची गारी पिशवीत ओतायला डबा भरला. मी तिचा हात धरला, डबा घेतला, गारी परातीत उलटी केली आणि आत बोटं घातली. तळ तसाच वर आलेला.

"काय बघतेस?"

"एकोणसत्तर."

तिने डबा ओढून घेतला, भरून पिशवीत रिकामा केला. मग परातीत हात घालून मूठ भरली आणि वरून टाकली. पुन्हा एक टाकली.

"घे तुझे एकोणसत्तर," ती म्हणाली, आणि मी पिशवीला गाठ मारेपर्यंत बाकावर बसून बघत राहिली.