गेलेल्या कार्डाची वाट

"सर, हा सर्व्हर उठून राहिला का मरून राहिला?"

मित्रांनो, हा प्रश्न माझ्याबद्दलचा आहे. दहावीतल्या दीक्षाने तो एरवी कधी विचारला नसता. पण पौर्णिमाने आणि बाकीच्या मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून तिने भर अभ्यासिकेत नागसेन सरांच्या तोंडावर विचारला. मुली खिदळल्या. सर हसले नाहीत. येत्या रविवारी समितीची बैठक होती आणि मला भंगारात द्यायचं की नाही, हे तिथे ठरणार होतं.

मी बार्शीटाकळीच्या बुद्धविहारातला जुना सर्व्हर. विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका आहे, तिथल्या लोखंडी टेबलाखाली माझा मुक्काम. सर्व्हर म्हणजे काय, तर पंगतीत वाढणारा असतो ना, तो! खोलीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांना धडे, प्रश्नपत्रिका, व्हिडिओ मीच वाढतो. मी उठलो नाही की सगळी पानं रिकामी.

माझी उमेदीची वर्षं अमरावतीच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात गेली. गारगार खोली, शेजारी माझ्याच जातकुळीचे भाऊ, आणि माझ्या पोटात इतर कॉम्प्युटरांशी बोलायचं एक झकास वेगवान नेटवर्क कार्ड. त्या कार्डाच्या जोरावर मी किती मिरवलो म्हणून सांगू! मग नवे सर्व्हर आले. कॉलेजने मला विहाराला दान केलं. देण्याआधी ते महागडं कार्ड काढून घेतलं, साधं तेवढं ठेवलं. मेटॅडोरमध्ये बसून मूर्तिजापूरमार्गे मी इकडे आलो.

जयंतीच्या दिवशी मला हार घातला. अंगावर दात्याच्या नावाची पाटी लागली. समितीचे अध्यक्ष पुंजारामजी यांनी सगळ्यांना बजावलं की दानाची वस्तू आली तशीच राहिली पाहिजे, आत कोणी ढवळाढवळ करायची नाही. प्रेमानेच म्हणाले ते. त्या दिवसापासून माझ्यावरची धूळ रोज पुसली गेली, पण माझ्या आत काय चाललंय हे कोणी पाहिलं नाही.

कॉलेजात मी महिनोन्महिने जागाच असायचो. इथे विहाराला कुलूप लावताना मलाही बंद करतात, आणि वीज गेली की मी आपोआपच बंद. त्यामुळे रोज नव्याने उठायचं, आणि उठताना मी अडायचो. मुलं सकाळी शाळेआधी अभ्यासाला यायची, बसून बसून कंटाळायची, आणि माझे दिवे लागेपर्यंत त्यांची शाळेची वेळ व्हायची. त्यांची सकाळ मी खाऊन टाकायचो. सरांना वाटलं, माझी डिस्क गेली असणार. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात आणि उरलेल्या वेळात माझी काळजी घेतात. माझ्यावर त्यांचा जीव होता, पण त्यांनीही आशा सोडली होती.

तर दीक्षाच्या प्रश्नावर ते रागावले नाहीत. माझ्यासमोरची खुर्ची ओढून म्हणाले, "मरून राहिला का उठून राहिला, तूच पाह्य."

ती बसली. पडद्यावर माझ्या ओळी सरसर धावल्या आणि एका जागी थांबल्या. दुसऱ्या दिवशीही तिथेच थांबल्या. तिसऱ्या दिवशी मैत्रिणी निघून गेल्या तरी ती हलली नाही. मग सरांना म्हणाली की हा मरणारा नाही; मरणारा रोज नेमका एकाच जागी कसा अडेल?

सरांनी तिला समजावलं. नेटवर्क कार्ड चालवायला ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम लागतो. तो एकटा येत नाही, आधी त्याचे मदतनीस यावे लागतात. कोणाआधी कोण, हा क्रम मला कॉलेजात शिकवलेला. दोघांनी मिळून तो तपासला, तर त्यात त्या काढून घेतलेल्या कार्डाचाही ड्रायव्हर निघाला. रोज सकाळी तो उठायचा, कार्ड शोधायचा, हाका मारून मारून थकायचा, आणि तो बसल्यावरच बाकीचे पुढे सरकायचे. मला तरी काय ठाऊक? कार्ड गेलं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

दीक्षा हसायला लागली. "सर, हे तं आमच्या काकाच्या लग्नासारखं झालं. नवरीचा मामा आल्याशिवाय कोनी जागचं उठे ना, अन् मामाले पत्रिकाच नोती गेली."

पण क्रम बदलायचा म्हणजे दानाला हात लावायचा. सर पुंजारामजींकडे गेले, त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. तेव्हा दीक्षाच पुढे झाली.

"आबाजी, तुमी दान जपून राहिले का पाटी?"

पुंजारामजी म्हणाले, "कर. पन बिघडलं तं रविवारी मले काई सांगू नोको."

आणि बिघडलंच! दीक्षाने उत्साहाच्या भरात त्या ड्रायव्हरबरोबर सगळेच मदतनीस काढून टाकले, साध्या कार्डाला लागणारेही. मी झटक्यात उठलो, पण मुका. नेटवर्कच नाही. पौर्णिमा म्हणाली, "घ्या, आता उठला तं वाढे ना." दीक्षाचे डोळे भरून आले. पण सरांनी आधीच सगळ्याची एक प्रत जपून ठेवली होती. ती परत घालून दीक्षा पुन्हा बसली, या वेळी घाई न करता. एकेकाला बाजूला करायचं, मला उठवून बघायचं, चुकलं तर परत जागेवर. खरा मदतनीस कोण आणि रिकामी वाट बघणारा कोण, हे तिने असं ओळखलं. वाट बघणाऱ्याला तिने यादीतून आणि मी उठताना सगळ्यात आधी उघडतो त्या, ड्रायव्हर बांधून ठेवलेल्या छोट्या गाठोड्यातूनही काढलं.

रविवारी समिती जमली. दीक्षाचे आईबाबाही आले होते. तिने माझं बटण दाबलं. पुंजारामजी चष्मा पुसत होते. तो डोळ्यांवर चढवेपर्यंत सगळ्या पडद्यांवर धडे हजर. ते उठून माझ्याजवळ आले, अंगावरची पाटी काढली आणि कपाटावर ठेवली. मग भंगाराचा विषय कोणी काढला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूला हार घालू नका, तिला विचारा की बाई, तू कशासाठी अडली आहेस? जपणं म्हणजे नुसतं हात न लावणं नव्हे. समजून घेऊन हात लावा, आणि लावण्याआधी एक प्रत ठेवा.

माणसं निघाली. दीक्षाची आई कौतुकाने म्हणाली की पोरीचा हात असाच शांत राहिला तर नर्सिंगला चांगला उपयोग होईल, तिच्या बाबांनी चौकशीही करून ठेवली आहे. दीक्षा माझ्या टेबलाला टेकून उभी होती. ती दोघांकडे वळली.

"आई, बाबा, नर्सिंगचं तुमी ठरवलं. दहावी झाली का मी अमरावतीले पॉलिटेक्निकले जानार, कॉम्प्युटर घेनार. हे मी विचारून नाई राहिली, सांगून राहिली."