क्रुसापुढची बाटली

रोशाने कागदाच्या नळीतल्या पेपरमिंटच्या गोळ्या बाटलीच्या तोंडात सोडल्या आणि मागे पळाली. क्षणभर काहीच झालं नाही. मग कोलाचा तपकिरी फवारा थेट छपराच्या वर गेला आणि कुंपणाशी चरणाऱ्या मेंढ्या जीव घेऊन मक्यात घुसल्या.

"अगं बाई, माझ्या मेंढ्या!" पाश्कूने हातातली लोकर टाकली. म्हातारीने एकेकीला नावाने हाका मारून परत आणलं, तेव्हा कुठे तिला लेकीकडे बघायला सवड झाली. "शाळेत हेच शिकवतेस का गं? ह्याचा पगार देतात तुला?"

"सोमवारी मुलांना दाखवायचंय, आई. आधी करून बघायला नको?"

"पोटात जायची वस्तू आभाळात उडवायची! तुझा बाप असता ना, तर त्याने तुलाच उडवलं असतं."

रोशा हसली, पण ते हसू काही टिकलं नाही. हा प्रयोग तिने वर्गात कितीदा तरी केला होता, तिला सरावाची गरज नव्हती. गुरुवारी कामासाठी सीमेपलीकडे उत्तरेत गेलेल्या भावाचा, पेतुलचा फोन आला होता. बायको तिकडचीच, मूल झालेलं, आता येणं व्हायचं नाही. आईला तू सांग, तुला समजावून सांगता येतं, असं म्हणून भावाने फोन ठेवला होता. सान क्रिस्तोबाल शहरातून चामुलाला, गावी येताना गाडीत तिने वाक्यं जुळवली होती. अंगणात पाय ठेवल्यापासून त्यातलं एकही तोंडातून बाहेर पडत नव्हतं.

"पण हे उडतं कशाने?" पाश्कूने रिकामी बाटली उचलून आत डोकावून पाहिलं. "गोळीत दारू भरलेली असते की काय?"

"काही नसतं. गोळी हाताला गुळगुळीत लागते, पण तिच्यावर बारीक बारीक खड्डे असतात, डोळ्यांना न दिसणारे. कोलात वायू दाबून भरलेला असतो. त्याला बाहेर यायचंच असतं, पण बुडबुडा धरायला कुठे जागा नसते. गोळी तळाशी गेली की प्रत्येक खड्ड्यात बुडबुडा धरतो आणि सगळे एकदम वर निघतात. वाटेतला कोलाही सोबत घेऊन."

"म्हणजे ढेकरच की."

"ढेकरच. बाटलीची."

म्हातारी खुदकन हसली. ढेकर हा तिच्या समजुतीतला विषय होता. ह्या घरात लांबच्या वाटेवरून आलेल्या माणसाने आधी क्रुसापुढे, पाइनच्या पानांवर बसून कोला प्यायचा आणि चांगली खणखणीत ढेकर द्यायची. वाटेत अंगाला चिकटलेली भीती, कुणाची वाईट नजर, सगळं तिच्याबरोबर निघून जायचं. मगच तव्यावरची मक्याची गरम तोर्तिया मिळायची. सहा वर्षांपूर्वी पेतुल ज्या पहाटे गेला, त्याच पहाटे पाश्कूने त्याच्या परतीची बाटली क्रुसापुढे मांडून ठेवली होती. दर रविवारी ती तिच्यावरची काजळी पुसायची.

रोशा आईजवळ ओट्यावर बसली. एक सुटी गोळी तिने बोटांत फिरवत ठेवली. ती चिकट झाली, बोटांना लागली.

"आई, पेतुलचा फोन आला होता."

"बरा आहे ना?"

"बरा आहे. त्याला मुलगी झालीय." ती थांबली. "तो येणार नाही, आई. आता नाहीच येणार."

पाश्कूने मांडीवरच्या लोकरीतलं गवत काढलं. एक काडी, मग दुसरी. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. बाहेर आली ती क्रुसापुढची बाटली घेऊन.

"ह्यात टाक."

"आई, राहू दे ना."

"टाक म्हणते ना! सहा वर्षं कोंडलंय. बघू दे मला किती उंच जातं ते."

रोशाने पिशवीतून गोळ्यांची दुसरी नळी काढली, पण हातातच धरून ठेवली. फवारा उडेल ह्याची तिला खात्री होती, भीती त्याचीच होती; सहा वर्षं जुनी बाटली उडायला नको होती. ती पहिली बाटली दुसऱ्याच वर्षी निवली होती, आतला वायू निघून गेला होता. तेव्हा आई मेंढ्यांमागे गेलेली असताना रोशाने तिच्या जागी ताजी ठेवली, आणि तेव्हापासून दर पावसाळ्याआधी पिशवीतून एक नवी बाटली आणत आली. आईचं वाट पाहणं तेवढं तरी नासू नये, एवढंच तिच्या मनात असायचं.

पाश्कूने थांबून पाहिलं नाही. झाकण काढलं, लेकीच्या हातातली नळी घेतली आणि गोळ्या स्वतःच आत सोडल्या. पळाली मात्र नाही. फवारा तिच्या शालीला, केसांना भिजवत वर गेला आणि दोघींवर कोसळला. मेंढ्या पुन्हा मक्यात गेल्या. ह्या वेळी त्यांना कोणी हाक मारली नाही.

म्हातारीने तोंडावरून हात फिरवला. डोळे कोलाने चुरचुरत होते की आणखी कशाने, रोशाला कळेना.

"बघितलंस आई? जसंच्या तसं होतं सगळं."

"खोटं बोलू नकोस माझ्याशी." पाश्कूने आवाज चढवला नाही. "दर रविवारी हातात घेते मी ती. दुसऱ्या वर्षी दाबली तर पिचकली, मऊ पडली होती. आठ दिवस मला जेवण गेलं नाही. मग एका रविवारी बघते तर पुन्हा दगडासारखी घट्ट! देवाने केलं म्हणणार होते, पण देव काही झाकणाचा रंग बदलत नाही."

रोशाची मान खाली गेली.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? म्हटलं, घरात वाट बघणारी मी एकटीच नाही. बरं वाटलं." तिने रिकामी बाटली अंगठ्याने दाबून पाहिली. "पण झाकण घट्ट असताना जातं कुठून गं ते?"

"प्लॅस्टिकमधून. थोडं थोडं, रोज. कळतसुद्धा नाही."

"आणि काचेतून?"

"काचेतून नाही जात."

पाश्कू उठली, शाल पिळली आणि मक्याच्या दिशेने निघाली. कुंपणापाशी ती वळली.

"मग पुढच्या खेपेला काचेची आण."