हिंगूळ लावलेली तार

प्रयागआत्याला मांडवात काळं खपत नसे. एरवी तिची म्हैस काळी होती, तवा काळा होता, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण घरात लग्न निघालं की काळ्या वस्तूंची धडगत नसे. जयवंताच्या लग्नात तिनं पाहुण्यांच्या छत्र्या गोठ्यात ठेवायला लावल्या आणि निरवांगीच्या एका म्हाताऱ्याची काळी टोपी उतरवून त्याच्या डोक्याला उपरणं गुंडाळलं. म्हातारा दिवसभर तोंड फुगवून बसला होता.

साल अठ्ठावन्न. बारामतीच्या कडेला रामहरीच्या वांग्यांच्या मळ्यापर्यंत विजेचे खांब नुकतेच पोचले होते, आणि त्याच्या लेकीचं, जयवंताचं लग्न विजेच्या दिव्यांत लागणार होतं. रामहरी हौशी खरा, पण घरात हुकूम चाले तो त्याच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे प्रयागआत्याचा.

जयवंताला दिव्यांपेक्षा नवरदेवाची ओढ जास्त होती. का नसावी? रंगानं ती सावळीच्याही पलीकडची. तीन घरची माणसं पोहे खाऊन गेली आणि निरोप धाडायलाही विसरली. चौथा आला लासुर्ण्याचा महिपती, कारखान्यावरचा वायरमन. त्यानं स्वैपाक विचारला नाही, शिवण विचारलं नाही. "तुमाला अंधाराचं भ्या वाटतं का?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "न्हाय." तो हसला, आणि जयवंतानं मनात ठरवून टाकलं, करीन तर हाच.

लग्नाच्या दुपारी गावातल्या वायरमननं मांडवात बल्ब टांगले. दारावरच्या माळेला बल्ब कमी पडले. तेव्हा त्यानं तिथल्या तारांची दोन उघडी टोकं काळ्या चिकटपट्टीनं गुंडाळली, "मी येईस्तवर मेनला हात लावू नगा," म्हणून बजावलं आणि सायकल मारत तो दुकानाकडे गेला.

त्याची पाठ वळायचा अवकाश, आत्या स्टुलावर! सगळ्या मांडवातून दोन-दोन तारा फिरवलेल्या, एक तांबडी आणि एक काळी. व्याह्यांसाठी आणलेल्या लोखंडी पंख्याला तिसरी हिरवीही होती, थेट जमिनीत पुरलेली. ती आत्याला इतकी आवडली की तिला हळदकुंकू वाहिलं गेलं. पण नवरीच्या डोक्यावरून काळी तार? बेंदराला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला हिंगूळ आत्यानं बाहेर काढला आणि काळी तार या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबडीलाल करून टाकली. दारावरची पट्टीही काळीच होती. ती तिनं सोलून फेकून दिली. हळदीनं माखलेली जयवंता खिडकीतून बघून पोट धरधरून हसली.

दिवेलागणीला, वायरमनची वाट न बघता, आत्यानं मेनचा खटका वर चढवला. मांडव झळाळून उठला. पोराटोरांनी हात लावू नये म्हणून आत्या तिथंच पाट टाकून बसली.

आतल्या खोलीत जयवंता मुंडावळ्या बांधून तयार होती. सनई आणि ताशा जवळ येत येत दारात पोचले आणि मधेच बंद पडले. तिची मैत्रीण सारजा धापा टाकत आली.

"जयवंते, नवरदेव दारातच अडला! घोड्यावरनं उडी टाकली, हातातली कट्यार लांब फेकली आन् दोनी हात पसरून हुबा हाय. कुनालाच आत सोडंना!"

"रुसला असंल," चुलती म्हणाली. नवरदेवानं रुसायचं आणि सासऱ्यानं समजूत काढायची, ही रीतच. रामहरीनं आधी घड्याळ कबूल केलं, मग सायकल, आणि शेवटी काळजावर दगड ठेवून दुभती म्हैस. गर्दीतून एकानं रेडिओसुद्धा सुचवला.

सारजा पुन्हा पळत आली. "कायबी नगं म्हनतोय. आधी समदे दिवे घालवा, तवाच आत येतो म्हनतोय."

जयवंतानं त्याचा एकच अर्थ लावला. दिवे घालवा! म्हणजे लख्ख उजेडात त्याला आपलं तोंड बघायचं नव्हतं. पाहण्याच्या दिवशी घरात कंदील होता, त्यात नीट दिसलं नसेल. तिचे डोळे भरून आले, आणि पाठोपाठ असा संताप आला की ती मुंडावळ्यांसकट उठून खिडकीशी गेली.

दारात महिपती घसा फोडून ओरडत होता. बाशिंग एका कानावर आलं होतं.

"मामा, म्हस ऱ्हाऊ द्या वो! ह्या दोनी तारा तांबड्या कुनी केल्या? टोकं उघडी हायती! तांबडीतनं करंट येतो, काळीतनं माघारी जातो. आता ह्यातली कंची कुठली, वळखायचं कसं? घोड्यावरच्या मानसाच्या पार तोंडाशी येत्यात. मेन बंद करा आधी!"

जयवंताला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं, आणि पदर सावरत ओसरीकडे धावली.

तिथं आत्या मेनला पाठ लावून उभी. "लगीन लागायच्या येळंला दिवा घालवायचा? अपशकुन! माज्या जिवात जीव हाय तवर न्हाय." बाहेर भटजी मुहूर्तासाठी घायकुतीला आले होते.

"आत्ये, माजं कुकू कंच्या रंगाचं?" जयवंतानं विचारलं.

"तांबडं."

"चुडा?"

"हिरवा."

"आन् गळ्यात बांधनार ती पोत?"

आत्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं.

"काळ्या मन्यांचीच न्हवं? त्याबिगर लगीन लागत न्हाय, मग काळ्या तारंबिगर दिवा कसा लागंल? आज तू तारंला हिंगूळ फासलास, उद्या माज्या पोतीला फासशील!"

आत्यानं आ वासला. तो मिटायच्या आत जयवंतानं बाजूनं हात घालून खटका खाली ओढला.

मांडव गुडुप झाला. पोरांनी कालवा केला, घोडा खिंकाळला, बायका देवाचं नाव घेऊ लागल्या. जयवंता अंधारात उभी राहून गालातल्या गालात हसत होती. तिला अंधाराचं भ्या कधी नव्हतंच.

गॅसबत्ती आली. नवरदेव बाशिंगासकट स्टुलावर चढला, नखानं हिंगूळ खरवडून त्यानं काळी तार हुडकली, आणि भरजरी कोटाच्या खिशातून चक्क चिकटपट्टीचं वेटोळं काढलं.

"लग्नातबी संगट?" कुणीतरी विचारलं.

"असावी," तो म्हणाला. दोन्ही टोकं वेगवेगळी गुंडाळून झाली, तेव्हाच त्यानं मेन चालू करायला सांगितलं.

मुहूर्त हुकला नाही. अंतरपाट दूर झाला आणि त्या लख्ख उजेडात महिपतीनं जयवंताकडे डोळे भरून बघितलं, चांगलं सावकाश. तिला इतका आनंद झाला की हार घालायचा हात हवेतच राहिला. पोत बांधताना तो हळूच पुटपुटला, "खटका तुमीच वढला न्हवं?" तिनं मान हलवली. "मला वाटलंच," तो म्हणाला.

पंगती उठल्यावर बायकांनी नवरीला नाव घ्यायला अडवलं. ती लाजून आढेवेढे घेत होती, तेवढ्यात गावातला वायरमन एकदाचे बल्ब घेऊन उगवला आणि दारावरची माळ जोडायला घाईघाईनं स्टुलावर चढू लागला. जयवंताचं लाजणं कुठल्या कुठं पळालं. ती खणखणीत आवाजात म्हणाली,

"हिरवा चुडा, तांबडं कुकू, काळ्या मन्यांची सर,
महिपतरावांचं नाव घेते, आत्ये, मेन बंद कर!"

मांडव हसून हसून लोटपोट झाला. निरवांगीचा म्हातारासुद्धा हसला. आणि प्रयागआत्या पदर खोचून उठली, "सरका रं," म्हणाली, आणि भर लग्नात, आपल्या हातानं दिवे घालवायला निघाली.